वाचकांचे प्रश्न : मेकोंबची भली माणसं

गेल्या अंकात मी हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’बद्दल लिहिलं आणि टपाल नेहमीच्या दुप्पट आलं. एकाने तर मला ‘इंग्रजाळलेल्या बाई’ म्हटलंय. एकतीस वर्षं तालुक्याच्या गावात इंग्रजी शिकवलं, तेवढं म्हणवून घ्यायची सवय आहे.

कादंबरी ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य, 1930च्या दशकातली मंदी, मेकोंब नावाचं पेंगुळलेलं गाव. टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावर मेएला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप होतो. त्याचं वकीलपत्र अ‍ॅटिकस फिंच घेतो आणि सगळं सांगते त्याची लहानगी मुलगी स्काउट.

मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अ‍ॅटिकस टॉमचा निर्दोषपणा जवळजवळ सिद्धच करतो. मग खटला नेमका कुठे हातचा जातो? – एक विद्यार्थिनी, संगमनेर

खरं तर तो उभा राहण्याआधीच गेलेला आहे. पण तुम्ही ‘नेमका कुठे’ असं विचारलंत, तर माझ्या मते एका वाक्यावर.

पुरावा आठवा. मेएलाला मार बसलाय तो चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. तिचा बाप बॉब युएल भर कोर्टात डाव्या हाताने सही करतो. टॉमचा डावा हात लहानपणी जिनिंगच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला. आणि डॉक्टरला कुणी बोलावलंच नाही. कुठल्याही वकिलाला आणखी काय हवं?

मग सरकारी वकील उलटतपासणीत टॉमला टोचतो: एक पैसा न घेता त्या मुलीची कामं का करून द्यायचास? टॉम सरळ माणूस. तो म्हणतो, मला तिची कीव यायची, घरात एकटी तीच राबताना दिसायची. वकील तेच शब्द परत उच्चारतो, सावकाश, आणि बोलून चुकलो हे टॉमच्या लक्षात येतं.

वर्गात इथे मी थांबायचे आणि फळ्यावर ‘कीव’ एवढाच शब्द लिहायचे. कीव वरून खाली येते. ती करणारा एक पायरी तरी वर उभा असावा लागतो. युएल कुटुंब गावाच्या उकिरड्यामागे राहतं. लेखिका म्हणते, बॉबला कढत पाण्याने खसखसून धुतला तर कातडी गोरी निघेल, शेजाऱ्यांपेक्षा त्याच्यापाशी जास्तीचं असं तेवढंच. त्या घरातल्या मुलीची काळ्या माणसाने कीव केली! बलात्काराचा आरोप ज्यूरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांना, कदाचित खोटा वाटलाही असेल, पण हे ज्यूरीने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मेएलाकडेही एकदा नीट बघा. भावंडांना आइस्क्रीम खायला पाठवून घर रिकामं मिळावं म्हणून तिने वर्षभर एकेक करत पाच सेंटची सात नाणी साठवली होती. आणि त्या उकिरड्याशेजारच्या अंगणात, पोचे पडलेल्या इनॅमलच्या भांड्यांत, लाल जिरेनियमची झाडं होती. ती तिचीच, असं गाव म्हणायचं. ती खोटं बोलते हे खरं. त्या झाडांमुळे तिचा मला नुसता राग करता येत नाही.

मेकोंब खरंच आहे का? – एक वाचक, वेंगुर्ले

नकाशावर नाही. पण लेखिका वाढली ते अलाबामातलं मन्रोव्हिल आहे आणि तिथल्या जुन्या कोर्टाचं आता संग्रहालय झालंय. लीचे वडीलही वकील होते. खटल्याच्या बाबतीत स्कॉट्सबरोचं नाव नेहमी निघतं: 1931 साली अलाबामात मालगाडीतून जाणाऱ्या नऊ काळ्या पोरांवर दोन गोऱ्या स्त्रियांनी असाच आरोप केला होता. 1933 मध्ये त्यातल्या एकाची शिक्षा न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी पुरावा तपासून रद्द केली. पुढच्याच निवडणुकीत मतदारांनी त्यांना घरी बसवलं. (तिथे न्यायाधीशही निवडून यावे लागत.) त्या नऊपैकी शेवटच्या तिघांना अलाबामाने मरणोत्तर माफी दिली ती 2013 साली.

बाई, मेकोंबमध्ये वाईट माणूस म्हणावा असा बॉब युएल एकटाच. बाकी सगळी बरी माणसं आहेत. तरी निकाल असा कसा लागतो? – एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे

हाच प्रश्न विचारणारं पत्र यावं अशी माझी इच्छा होती. निकाल बॉबमुळे लागत नाही, बऱ्या माणसांमुळे लागतो.

चोविसाव्या प्रकरणातलं मिशनरी मंडळाचं चहापान काढा. फिंचांच्या बैठकीत बायका जमल्यात, केक आहेत, कॉफी आहे. मिसेस मेरिवेदरबाई दूरच्या जंगलातल्या कुठल्याशा जमातीच्या हालअपेष्टा सांगताना डोळ्यांत पाणी आणतात. पाच मिनिटांत विषय घरच्या मोलकरणीवर येतो: खटल्यापासून तोंड पाडून असते, शेवटी मीच तिला सुनावलं की येशू कधी कुरकुर करत फिरला नाही. मग गावातल्या काही ‘चांगल्या पण भरकटलेल्या’ लोकांना टोमणा. रोख अ‍ॅटिकसवर, आणि केक त्याच्याच घरचा! तेव्हा फिंचांची शेजारीण मिस मॉडी एवढंच विचारते, त्याचं अन्न घशाखाली उतरताना अडकत नाही ना? गप्पा जागच्या जागी थांबतात. थोड्या वेळाने अ‍ॅटिकस येतो. टॉम तुरुंगातून पळताना मारला गेलाय. अंगावर सतरा गोळ्या. स्वयंपाकघरात हे ऐकून मिस मॉडी आणि स्काउटची आत्या परत बैठकीत जातात, स्काउट मागोमाग. इतकं शांत प्रकरण, पण वाचताना माझे हात गार पडतात.

मिस गेट्स या शाळेतल्या बाईंचंही तसंच. हिटलर ज्यूंना छळतो म्हणून वर्गात कळवळून बोलतात, फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘लोकशाही’ लिहितात. त्याच बाई खटल्याच्या रात्री कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हणत होत्या की, या लोकांना कुणीतरी अद्दल घडवायलाच हवी होती, उद्या आपल्याशी लग्नं करू म्हणतील. स्काउटच्या डोक्यात ही दोन वाक्यं शेजारी बसत नाहीत. बाईंच्या डोक्यात बसतात. शिक्षक म्हणून हे पान मला कधीच सोपं गेलं नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेविसाव्या प्रकरणात आहे. थोरला मुलगा जेम बापाला विचारतो, ज्यूरीत आपल्यासारखे लोक का नसतात? सगळे बाहेरच्या शेतावाड्यांवरचेच का येतात? अ‍ॅटिकस सांगतो, मिस मॉडीला बसता येत नाही कारण ती बाई आहे. (अलाबामात बायकांना ज्यूरीत घ्यायला 1966 साल उजाडलं.) आणि गावातले प्रतिष्ठित? त्यांना एक तर रस नसतो, नाहीतर भीती असते. दुकानदाराने कुणाच्या विरुद्ध मत दिलं तर गिऱ्हाईक तुटणार. मग तो न्यायाधीशांना सांगतो, दुकान बघायला कुणी नाही हो.

यावर माझी एक गोष्ट सांगते, ती सांगताना मला बरं वाटत नाही. तीस वर्षं झाली. आमच्या समोरच्या बिऱ्हाडातून पाटल्या गेल्या आणि संशय लगेच भांडी घासणाऱ्या मावशींवर. त्या पारधी समाजातल्या, एवढं कारण सगळ्यांना पुरलं. पोलीस त्यांच्या झोपडीची झडती घेणार होते, पंच हवे होते. कायद्यात शब्दच आहेत, त्याच भागातले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी. हवालदार आमच्या दारात आला. ‘‘काकू, सर आहेत का? सहीपुरतं यायचंय.’’ सर आतच होते. मी म्हटलं, ‘‘ते बँकेत गेलेत, आणि माझे पेपर तपासायचे राहिलेत.’’ पेपर खरंच होते, टेबलावर गठ्ठा होता. शेवटी पंच म्हणून कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरचा पोऱ्या आणि एक रिक्षावाला गेले. मावशी नंतर आमच्या आळीत दिसल्या नाहीत. पाटल्या मिळाल्या की नाही, हेही मी समोरच्या वहिनींना कधी विचारलं नाही.

त्या गठ्ठ्यात याच कादंबरीवरचा प्रश्न होता, दहा गुणांचा: ‘मेकोंबच्या समाजातील पूर्वग्रहांचे स्वरूप स्पष्ट करा.’

एक गोरा सज्जन वकील आणि मुकाट सोसणारा काळा माणूस. ही गोष्ट आम्ही अजून का वाचायची? – एक कवी, लातूर

तुमच्या रागाशी माझं भांडण नाही. टॉम बोलतो तो जवळजवळ फक्त साक्षीच्या पिंजऱ्यात, विचारलं तेवढंच. घरी बायकोशी तो काय बोलत असेल ते पुस्तकाला ठाऊक नाही. निकालानंतर वरच्या सज्ज्यातली काळी माणसं अ‍ॅटिकससाठी उठून उभी राहतात ते दृश्य मला पूर्वी फार आवडायचं. आता वाटतं, टॉमकडे त्या क्षणी कुणी बघतंय का?

2015 मध्ये लीचं ‘गो सेट अ वॉचमन’ आलं. ते आधी लिहिलेलं. त्यातला म्हातारा अ‍ॅटिकस काळ्यांच्या हक्कांविरुद्धच्या बैठकीला जाऊन बसतो. कित्येक वाचक त्यावर रुसले. मी नाही रुसले. मला तर तो तिथे बसलेला पटकन ओळखू आला.

तेव्हा वाचा, पण एकटं वाचू नका. शेजारी रिचर्ड राइटचं ‘नेटिव्ह सन’ ठेवा. ते 1940 चं, म्हणजे ‘मॉकिंगबर्ड’च्या वीस वर्षं आधीचं आणि काळ्या लेखकाचं. त्यातला बिगर नावाचा नायक टॉमसारखा भला नाही, म्हणून त्याची कीव करून सुटता येत नाही. आणि हा विषय आपल्या घरचा नाही असं कुणी म्हणालं तर जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केली ते पान उघडून दाखवा. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना!

मुलगी अकरा वर्षांची आहे. वाचायला देऊ का? – एक आई, नाशिक

दोन वर्षं थांबा. खटल्याचा विषय तिला समजावून सांगावा लागेल, आणि काळ्यांसाठीची ती शिवीही पानोपानी आहे. दिलंत की सुरुवातीची शंभरेक पानं रेंगाळतात, तिथे तिला कंटाळा येईल, टोकू नका. आणि तुम्हीही सोबत वाचा. चहापानाच्या प्रकरणापाशी ती तुम्हाला काहीतरी विचारेल.