'राष्ट्रीय उद्यान' यातील उद्यान कोणते?

एका शिक्षिकेने विचारले आहे की, उद्यान म्हणजे बाग असे आपण मुलांना शिकवतो, मग जेथे वाघ फिरतो त्या ताडोबाच्या रानाला 'राष्ट्रीय उद्यान' का म्हणायचे? 'नॅशनल पार्क'चे हे चुकलेले भाषांतर आहे का, आणि त्याऐवजी सरळ 'अभयारण्य' म्हटले तर काय बिघडते?

माझ्या मते भाषांतर चुकलेले नाही. ते मूळ शब्दाशी इतके प्रामाणिक आहे की मूळ शब्दातली अडचणही त्याच्याबरोबर मराठीत आली आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र 'बिघडते' असेच द्यावे लागेल.

आधी 'उद्यान' पाहू. 'उद्' आणि 'या' यांपासून हा शब्द बनला आहे आणि त्याचा मूळ अर्थ बाहेर पडणे, बाहेर जाणे असा आहे. त्यावरून बाहेर पडून जेथे विहार करायचा ती जागा असा अर्थ आला. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या वनौषधिवर्गात अटवी, अरण्य, विपिन, गहन, कानन, वन हे शब्द एका ओळीत सांगून झाल्यावर पुढे 'आरामः स्यादुपवनं कृत्रिमं वनमेव यत्' असे म्हटले आहे, म्हणजे माणसाने लावून केलेले वन ते आराम किंवा उपवन. उद्यानाची व्याख्या त्यानंतर वेगळी येते: 'पुमानाक्रीड उद्यानं राज्ञः साधारणं वनम्'. आज आपण ज्याला बाग म्हणतो त्याच्या जवळचा शब्द आराम किंवा उपवन हा आहे. उद्यान हे राजाच्या क्रीडेचे वन आहे. फुलांचे वाफे, बाके आणि कारंजे ही चित्रे त्या शब्दाला मराठीत नंतर चिकटली.

इंग्रजी 'पार्क'ची कथाही अशीच आहे. मध्ययुगात राजाने किंवा सरदाराने शिकारीची जनावरे राखण्यासाठी कुंपण घातलेल्या रानाला 'पार्क' म्हणत. शहरातील हिरवळीला तो शब्द पुष्कळ नंतर लागला. १ मार्च १८७२ रोजी अमेरिकेत यलोस्टोनचा कायदा झाला, तेव्हा त्या भूमीचे वर्णन लोकांच्या लाभासाठी आणि आनंदासाठी राखलेले सार्वजनिक पार्क किंवा विहारभूमी असे केले गेले. त्या वर्णनाचा भर माणसाच्या आनंदावर आहे, आणि ती जागा 'उद्यान' या संस्कृत शब्दाच्या अर्थाशी नेमकी जुळते. फरक एवढाच की राजाच्या जागी राष्ट्र आले, म्हणून ते 'राष्ट्रीय'.

शब्द तोच राहिला, पण त्याच्या आतली निसर्गाची कल्पना मात्र वारंवार बदलली. यलोस्टोनमध्ये पूर्वी अस्वलांना कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर खाताना पाहणे हा पर्यटकांचा करमणुकीचा कार्यक्रम होता, आणि लांडगा हरणांना खातो म्हणून उद्यानाच्या रक्षकांनीच लांडगे मारले. १९२६ पर्यंत ते तेथून संपले होते. १९६३ मध्ये एका तज्ज्ञ समितीने असे सुचवले की, पहिला गोरा माणूस आला तेव्हा ही भूमी जशी होती तसे तिचे चित्र उद्यानांत जपावे. ही कल्पना आधीच्यापेक्षा उदात्त होती, पण त्या पहिल्या गोऱ्या माणसाच्या आधी तेथे शोशोनी आणि इतर मूळ रहिवासी लोक हजारो वर्षे शिकार करत होते, कंदमुळे गोळा करत होते, आणि त्यांना तेथून हलवल्यावरच ती भूमी 'निर्मनुष्य' झाली होती. पुढे १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडण्यात आले. ज्या प्राण्याला उद्यानाचा शत्रू मानले होते त्याच्यावाचून उद्यान अपुरे आहे, हे मान्य व्हायला सत्तर वर्षे लागली.

भारतात १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान झाले, ज्याला आज आपण कॉर्बेट म्हणतो. १९५५ मध्ये ताडोबा झाले. आज हे शब्द १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अर्थाने वापरले जातात. त्या कायद्याच्या कलम १८ मध्ये अभयारण्य आहे आणि कलम ३५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. अभयारण्यात स्थानिक लोकांचे काही हक्क चालू ठेवता येतात आणि नियम घालून गुरे चारू देता येतात. राष्ट्रीय उद्यानात खाजगी हक्क शिल्लक राहत नाहीत आणि चराईला पूर्ण बंदी असते. म्हणजे कानाला सौम्य वाटणारा 'उद्यान' हाच शब्द दोहोंत अधिक कडक आहे. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत असे मी म्हणतो ते यासाठी: एका शब्दाच्या बदलाने माणसाचा त्या भूमीवरचा हक्क जातो किंवा राहतो.

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. स्थानिक लोक ज्याला 'घना' म्हणतात ती ही पाणथळ जागा मुळात माणसाने बांध घालून, पाणी वळवून घडवली होती आणि संस्थानिक तिचा उपयोग बदकांच्या शिकारीसाठी करत; १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. संस्कृत अर्थाने हे खरेखुरे राजाचे उद्यान होते. ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून दिसले ते असे की, म्हशी जे पाणगवत खाऊन आटोक्यात ठेवत होत्या ते बेसुमार वाढून पाण्यावर पसरले आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. ज्या पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी चराई थांबवावी असा आग्रह धरला होता, त्यांच्याच संस्थेने हा निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडला, याचे मला फार मोल वाटते. तेथील निसर्गात म्हैस होती, आणि कायद्यातल्या शब्दाच्या अर्थात तिला जागा नव्हती.

आता 'अभयारण्य'. इंग्रजी 'सँक्च्युअरी'च्या मुळाशी पवित्र स्थान आणि तेथे आश्रय घेणाऱ्याला मिळणारे संरक्षण आहे. मराठीने देवळाकडे न जाता अभय देण्याची कल्पना घेतली, आणि ती आपल्याकडे जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'अभयवन' हा शब्द येतो. तेथे राहणाऱ्या पशू, पक्षी आणि मासे यांना पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला जबर दंड सांगितला आहे. त्याच ग्रंथात राजाच्या विहारासाठी खंदक खणून राखलेले, एकच दार असलेले आणि नखे-दात काढलेली हिंस्र श्वापदे ठेवलेले मृगवनही आहे, आणि राज्याच्या सीमेवर सर्व प्राण्यांना अतिथी मानणारे दुसरे मृगवनही आहे. आज वाद ज्यांच्यात चालतो त्या दोन्ही कल्पना एकाच अध्यायात शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

'अभयारण्य' या शब्दावर असा आक्षेप ऐकू येतो की, सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी राखलेल्या अभयारण्यात अरण्य कोठे आहे? तो आक्षेप टिकत नाही. जुन्या भाषेत 'अरण्य' हा 'ग्राम'चा विरुद्ध शब्द आहे. गावाबाहेरचे, परके, दूरचे ते अरण्य, मग तेथे झाडी असो वा नसो. 'जंगल'चा मूळ शब्द 'जांगल' तर आयुर्वेदात विरळ झाडीच्या कोरड्या प्रदेशाला लावतात, म्हणजे सोलापूरच्या माळाला तो चांगलाच शोभतो. पुढे जंगल म्हणजे दाट झाडी असा अर्थ रूढ झाला, माळरानाला सरकारी दप्तरात 'पडीक' म्हटले गेले आणि त्यावर झाडे लावणे हे सत्कार्य ठरले. मोकळ्या गवतावाचून न जगणाऱ्या माळढोकाला त्याने फार मोठा फटका बसला. १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचे, शेते आणि गावे पोटात घेणारे ते अभयारण्य पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले.

'अरण्य' शब्द प्राकृतातून येताना 'रण्ण' आणि मग 'रान' झाला, आणि सोलापूरकडचा शेतकरी 'रानात गेलोय' म्हणतो तेव्हा तो नांगरटीला गेलेला असतो. त्याच्या बोलीत शेत आणि अरण्य यांना शब्द एकच आहे. याच कारणाने उद्यान, अभयारण्य आणि रान या तिघांतला मला सर्वांत आवडणारा शब्द रान आहे, पण कायद्याच्या कामी तो येत नाही.

शिक्षिकांच्या वर्गासाठी एवढे पुरे व्हावे: ताडोबा हे नाव तलावाकाठी ठाणे असलेल्या तेथील आदिवासींच्या देवाचे. ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान, त्याला लागून १९८६ मध्ये झालेले अंधारी हे अभयारण्य, आणि १९९५ पासून दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. निबंधात मुलाने 'ताडोबा अभयारण्य' लिहिले तर खूण करून दुरुस्त करावे. 'ताडोबाचे रान' लिहिले तर तसेच ठेवावे.