नवऱ्याचे पणजोबा मेयो काउंटीतून बॉस्टनला गेले, एवढंच माहीत आहे. आयर्लंडमधलं त्यांचं घर कसं शोधू?

सुरुवात बॉस्टनमधूनच करा. काउंटीच्या नावावर घर सापडत नाही, टाउनलँड हवा. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीसारखा जमिनीचा छोटा तुकडा. आयर्लंडमध्ये असे 60 हजारांहून जास्त आहेत. चर्चमधली लग्नाची नोंद, मृत्युलेख, थडग्यावरचा दगड, जुन्या पत्रांवरचे पत्ते, सगळं बघा. नावाचं स्पेलिंग बदललेलं असणारच, त्यावर अडून राहू नका.

टाउनलँड मिळाला की 1901 आणि 1911 ची जनगणना ऑनलाइन फुकट बघता येते. आधीच्या बहुतेक गेल्या, काही 1922 च्या डब्लिनमधल्या आगीत. (फार वाईट वाटतं.)

खरा आधार ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनचा, म्हणजे कर ठरवण्यासाठी केलेल्या जमिनी-घरांच्या मूल्यांकनाचा, 1847 ते 1864 मधला. त्यात कुळाचं नाव आणि जमिनीचा क्रमांक असतो, तोच क्रमांक नकाशावर. पुढे डब्लिनमधल्या मूल्यांकन वह्या मागवा: जुन्या कुळाचं नाव खोडून वर रंगीत शाईत नवं नाव आणि बाजूला साल. हे धागे धरत आजच्या मालकापर्यंत येता येतं. मग तिथे जाऊन शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना नक्की विचारा. पडक्या भिंती कोणाच्या, हे त्यांना ठाऊक असतं.