एम-लॉक, कीमॉड का पिकॅटिनी? एअर रायफलीला कोणतं हँडगार्ड घ्यावं

भाऊ, तुम्ही विचारलंय की पीसीपी (आधीच दाबाने भरून ठेवलेल्या हवेवर चालणाऱ्या) एअर रायफलीला अॅल्युमिनियमचं हँडगार्ड, म्हणजे बॅरलभोवतीचं हातानं धरायचं कव्हर, बसवायचंय, त्यावर बायपॉड (दोन पायांचा टेकू) अन् टॉर्च लावायचाय, तर वस्तू कसायच्या पिकॅटिनी, कीमॉड, एम-लॉक या तीन पद्धतींतली कोणती. मी वर्धा जिल्ह्यातला, मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, कापूस विकून गोडाऊन रिकामं झालं की तिथे २५ मीटरवर पेलेट (छर्रे) मारत बसायचा नाद आहे. तिन्ही प्रकार हाताखालून गेलेत, एकात पैसे पण बुडाले.

घाई असेल तर एवढंच, एम-लॉक घ्या, स्कोप (निशाणाची दुर्बीण) वरच्या पिकॅटिनीवरच राहू द्या, अन् कीमॉड कोणी फुकट दिलं तरच घ्या.

आता कायले ते. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला कोणाचाही कल्टिव्हेटर लागतो ना, कारण मागची थ्री पॉइंट लिंकेज ठरलेल्या मापाची असते. पिकॅटिनी म्हणजे बंदुकीतली तीच गोष्ट, आडव्या खाचा पाडलेली ठरलेल्या मापाची पट्टी, म्हणजे रेल. आधी वीव्हर रेल होती, पण तिच्या खाचा कोणी कुठेही पाडायचे. मग १९९५ मध्ये अमेरिकन सैन्याने माप बांधून टाकलं आणि न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी आर्सेनलचं नाव त्याला चिकटलं. रेल २१.२ मिमी रुंद, खाच ५.२३ मिमीची, एका खाचेपासून दुसरी १०.०१ मिमीवर. माउंटची (वस्तू रेलवर धरणाऱ्या पकडीची) आडवी दांडी त्या खाचेत अडकते म्हणून धक्क्याने पुढेमागे सरकत नाही. वीव्हरची खाच ४.५७ मिमीची, म्हणून वीव्हरचा माउंट पिकॅटिनीवर बहुतेक वेळा बसतो, उलटं केलं तर दांडी खाचेत शिरतच नाही. ऑनलाइन "२० एमएम रेल" लिहून जे विकतात ते घेताना हे बघा. आणि तुमच्या रायफलीवर वर ११ मिमीचं डव्हटेल (आडव्या खाचा नसलेली, तिरक्या कडांची पट्टी) असेल तर ते तिसरंच प्रकरण आहे, त्याला अॅडॅप्टर लागेल.

मग चारी बाजूंनी पिकॅटिनी असलेलं हँडगार्ड का नको? कारण ती किसणी आहे हो. वजन वाढतं, हाताची सालं निघतात, अन् माझ्याकडे तर प्रत्येक दातात रुई अडकायची, ब्रश घेऊन बसावं लागायचं. लावायच्या असतात दोन वस्तू आणि रेल वागवायची चारी बाजूंनी. त्यावर रबराची झाकणं मिळतात, म्हणजे आधी दात विकत घ्या मग दात झाकायला पैसे द्या.

याच कटकटीतून बाकीचे दोन निघाले. हँडगार्ड गुळगुळीत ठेवायचं, नुसती भोकं पाडायची, जिथे पाहिजे तिथेच वस्तू कसायची.

कीमॉड २०१२ चं. डिझाइन सगळ्यांना मोकळं, कोणीही बनवा. भिंतीवरच्या घड्याळामागे खिळ्यासाठी असतं तसं भोक, एकीकडे मोठं एकीकडे अरुंद. नट मोठ्या भोकातून घालायचा, पुढे सरकवायचा आणि कसायचा. डोकं चांगलं लावलंय, पण सगळा भार आतल्या बाजूच्या ४५ अंशाच्या उतारावर येतो आणि तो उतार बरोबर कापला नसेल तर सगळं मुसळ केरात. माझं तसंच झालं. स्वस्तात मागवलं, बायपॉड लावला, दर दहा-पंधरा पेलेटला बायपॉड मान टाकायचा. मी आपला स्क्रू पिळतोय, पिळतोय, शेवटी चकतीच वाकली. लेथवाल्याकडे नेलं तर तो उलटं करून पाहून म्हणे, "बावा, हे तं नुसते भोकं पाडले हायेत, आतून चामफर कुठी मारला याले?" बाराशे रुपये गेले ते गेले.

एम-लॉक मॅगपुल या अमेरिकन कंपनीचं, २०१४ चं. यात लांबट सरळ खाच असते, ३२ मिमी लांब अन् ७ मिमी रुंद. आतला टी-नट स्क्रू फिरवला की ९० अंशात आडवा होतो आणि मागून धरतो, जुन्या दाराचा लाकडी खिट्टा फिरवतो ना, तसंच. उतार-बितार काही नाही, सपाट भिंतीला सपाट नट, म्हणून प्लास्टिकच्या हँडगार्डवर पण चालतं आणि बनवणाऱ्याची चूक झाली तरी जास्त बिघडत नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेससाठी नौदलाच्या क्रेन इथल्या केंद्राने दोघांची चाचणी घेतली, निकाल २०१७ मध्ये बाहेर आला. वस्तू काढून परत लावली की निशाण किती हलतं, तर एम-लॉकमध्ये सरासरी १.३ एमओए (कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) अन् कीमॉडमध्ये ४.९. तोडायला लागणारा जोर पण एम-लॉकचा कितीतरी जास्त, त्यांनी निवडलं पण तेच. माझ्या २५ मीटरवर हिशोब केला तर एक साडेनऊ मिमी आणि दुसरं जवळपास ३६ मिमी होतं. टॉर्चला यानं काही फरक पडत नाही म्हणा, बायपॉडला पण फार नाही, पण लेझर लावणार असाल तर ३६ मिमी लय झाले. अन् चांगल्या कंपनीचं कीमॉड काही टाकाऊ नाही, पण आता नवीन वस्तू बहुतेक एम-लॉकच्याच येतात, दोन वर्षांनी नट हरवला तर आणाल कुठून?

लावताना एक चूक सगळे करतात, मी पण केली. स्क्रू कसला, घट्ट वाटला, पण आत नट फिरलाच नव्हता. आधी स्क्रू दोन-तीन आटे ढिला करा, नट खाचेच्या रेषेत आणा, मग बसवून कसा आणि शेजारच्या खाचेतून मोबाइलचा लाइट मारून नट आडवा झाला का ते डोळ्यानं बघा. बायपॉड जर पिकॅटिनीचा असेल तर एम-लॉकवर बसणारा पिकॅटिनीचा छोटा तुकडा मिळतो, तो खाली लावा, झालं.

आणि टॉर्च रात्री डुकरांसाठी पाहिजे असेल तर राहू द्या. शेताचं नुकसान मलेही माहीत आहे, चण्यात लोळून जातात, पण परवानगीशिवाय मारणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, आणि ४.५ मिमीच्या पेलेटनं डुक्कर मरत तर नाहीच, नुसतं जखमी होऊन पळतं.

ऑर्डर टाकायच्या आधी एक काम करा. पीसीपीत हवेची नळी हँडगार्डच्या भिंतीला लय जवळ असते, टी-नट आत जाऊन नळीला टेकला तर नळीवर ओरखडे पडतील, आणि त्या नळीत दाबाची हवा आहे हे विसरू नका. नळी ते भिंत किती जागा आहे ते व्हर्नियरनं मोजून रायफलीच्या मॉडेलसकट इथे टाका, मग कोणता नट बसेल ते सांगतो.