साठ हजारांत कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकण्याचा धंदा सुरू करता येईल का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : पुण्यात नोकरी आहे, साठ हजार रुपये बाजूला काढले आहेत, कोल्हापूरच्या कारागिरांकडून चपला घेऊन त्या ॲमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मीशोवर विकायच्या आहेत, तर सुरुवात कशी करावी, जीएसटी लागतो का आणि नोकरी कधी सोडावी? मी कोल्हापुरातून हाच माल बरीच वर्षे ऑनलाइन विकत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. खाते कसे उघडायचे आणि कोणत्या रकान्यात काय भरायचे हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. या धंद्यात माणूस तरतो किंवा बुडतो तो परत येणाऱ्या मालाच्या हिशोबावर, आणि नेमका तोच हिशोब नवे विक्रेते आधी मांडत नाहीत.

एक जोड घेऊन पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रत्यक्षाच्या जवळचे आहेत. आपण चप्पल ८९९ रुपयांना लावली. त्यात ५ टक्के जीएसटी धरलेला असल्याने आपल्या हाती खऱ्या अर्थाने ८५६ रुपयेच येतात. कारागिराला ४८० रुपये दिले, पिशवी, खोका, लेबल यांना २५ रुपये लागले, आणि मार्केटप्लेसचे, म्हणजे ॲमेझॉनसारख्या विक्रीच्या संकेतस्थळाचे, कमिशन, ठरावीक शुल्क व वाहतूक मिळून १७० रुपये कापले गेले, तर १८१ रुपये उरतात. येथवरचा हिशोब सगळेच करतात आणि खूश होतात. आता दहा ऑर्डरींपैकी दोन जोड परत आले असे धरा. परतीच्या प्रत्येक जोडामागे वाहतुकीचे साधारण १४० रुपये, पॅकिंगचे २५ आणि माल हाताळला गेल्यामुळे उतरलेल्या किमतीचे ६० असे सव्वादोनशे रुपये जातात. आठ जोडांचे १,४४८ रुपये, त्यातून ४५० वजा, म्हणजे ९९८. प्रत्येक ऑर्डर मिळवण्यासाठी जाहिरातीवर सरासरी ६० रुपये खर्च झाले असतील, तर आणखी सहाशे गेले आणि दहा ऑर्डरींवर ३९८ रुपये उरले. हेच दोनाऐवजी तीन जोड परत आले, तर हिशोब आठ रुपयांनी तोट्यात जातो. दहांतला एक जोड इकडचा तिकडे झाला की सगळा नफा पुसला जातो, ही गोष्ट माल घेण्याआधी वहीत लिहून ठेवा.

परत येणारा माल दोन प्रकारचा असतो. ग्राहकाने घेतलाच नाही, दार बंद होते किंवा पत्ता चुकला म्हणून कुरिअरवाल्याने परत आणलेला माल, ज्याला या व्यवहारात सगळे आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात, तो एक. आणि ग्राहकाने घेऊन, पाहून, कधी घालूनही परत केलेला माल, तो दुसरा. रोख रक्कम देऊन घेण्याच्या ऑर्डरींत आरटीओ जास्त असतो आणि तो फारसा आपल्या हाती नसतो. दुसऱ्या प्रकारचा परतावा मात्र बराचसा आपल्याच हाती असतो. चपलांच्या बाबतीत त्याची कारणे ठरलेली आहेत : माप, रंग आणि ‘चप्पल लागते’ ही तक्रार.

मापाचे पाहा. ग्राहक बुटाचा नंबर पाहून सातची ऑर्डर देतो, पण हाताने केलेल्या चपलेचा सात नंबर एका कारागिराकडे जेवढा असतो तेवढाच दुसऱ्याकडे असेल याची खात्री नसते. म्हणून कारागिराने सांगितलेल्या नंबरावर विसंबू नका. प्रत्येक मापाचा एक जोड घेऊन तळ आतल्या बाजूने, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, पट्टीने मोजा आणि तो आकडा सेंटिमीटरमध्ये फोटोच्या तक्त्यातच टाका. वर्णनात खाली लिहिलेले कोणी वाचत नाही. कागदावर पाय ठेवून रेघ कशी मारायची आणि लांबी कशी मोजायची, याचेही एक चित्र द्या. अंगठ्याची पकड आणि वरचा पट्टा पहिले काही दिवस घट्ट वाटतो, थोडे तेल लावून घरात वापरल्यावर तो सैल होतो, हेही आधीच सांगून टाकावे. असे लिहिल्याने विक्री कमी होईल अशी भीती अनेकांना वाटते. चार ऑर्डरी कमी होतीलही, पण त्या बहुतेक परतच येणाऱ्या असतात. रंगाचेही तसेच आहे : बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची छटा जोडागणिक थोडी बदलते, त्यामुळे झगमगीत दिव्याखाली काढलेला आणि मोबाइलवर उजळ केलेला फोटो आपल्यालाच महागात पडतो. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुभ्र पांढरी लागते. त्यानंतरचे फोटो मात्र खिडकीच्या उजेडात काढा, एक पायात घातलेला आणि एक तळ दाखवणारा असू द्या.

वाहतुकीचा खर्च वजनावर ठरतो, पण कोणत्या वजनावर, हे नव्या माणसाला माहीत नसते. पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला सामान्यतः ५,००० ने भागतात आणि येणारे किलो व खरे वजन यांतले जे जास्त, त्यावर आकारणी होते. आपला जोड ३२ × २० × ११ सेंटिमीटरच्या बुटाच्या खोक्यात घातला, तर हे वजन १.४ किलो निघते, चप्पल काट्यावर ७०० ग्रॅमच भरत असली तरी. तेच दोन्ही चपला तळाला तळ लावून, मध्ये कागद घालून, ३० × १४ × ८ च्या पातळ खोक्यात बसवल्या, तर ६७२ ग्रॅम निघते आणि आकारणी खऱ्या वजनावर येते. चपलांवर कान किंवा गोंडा असेल तर तो दबतो, म्हणून असे नमुने सुरुवातीला टाळावेत. पार्सल काट्यावर ठेवून आणि बाजूला टेप धरून एक फोटो काढून ठेवा. कुरिअर कंपनीने जास्त वजन लावल्यास वाद घालायला दुसरा पुरावा नसतो.

जीएसटीचे आता. मार्केटप्लेसवरून माल विकणाऱ्याला पूर्वी उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सवलत आहे : उलाढाल मर्यादेच्या आत असेल, म्हणजे महाराष्ट्रात मालासाठी वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत, आणि विक्री फक्त आपल्याच राज्यात होणार असेल, तर पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन नोंदणीशिवाय विकता येते. मीशोने अशा विक्रेत्यांना घेतले आहे; इतर ठिकाणी खाते उघडताना तपासून पाहा. माझे मत असे आहे की कोल्हापुरीला बेंगळुरू, हैदराबाद आणि दिल्लीकडचे गिऱ्हाईक मोठे असल्याने फार दिवस राज्यातच अडकून राहणे परवडत नाही, पण पहिल्या चाचणीला ही सवलत चांगली आहे. नोंदणी घेतल्यावर एखाद्या महिन्यात एकही जोड विकला गेला नाही तरी विवरणपत्र भरावेच लागते, नाहीतर विलंब शुल्क चढत जाते.

दर सोपे झाले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जोडाला २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के कर आहे. त्याआधी हजारापर्यंत १२ आणि त्यापुढे १८ टक्के होता, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतले हिशोब धरू नका. मार्केटप्लेस आपल्या पैशांतून अर्धा टक्का जीएसटीपोटी कापून ठेवते, तो पोर्टलवर आपल्या रोख खात्यात जमा होतो, आयकरापोटी ०.१ टक्का कापला गेला, तर तोही आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. वर्षाला पाच लाखांच्या आत विक्री असलेल्या व्यक्तीने पॅन किंवा आधार दिलेला असल्यास ही दुसरी कपात होत नाही. मार्केटप्लेसच्या शुल्कावर लागणारा १८ टक्के कर मात्र नियमित नोंदणी असलेल्यालाच परत मिळतो. ती नसेल तर वर १७० रुपये धरलेली कपात सुमारे दोनशे रुपये धरावी. उलट ८९९ मधून ५ टक्के जीएसटीही आपल्याला काढावा लागणार नाही.

खाते उघडल्यावर ‘मी कंपनीचा अकाउंट मॅनेजर बोलतो आहे’ असे सांगणारे फोन येऊ लागतील. नोंदणी करून देतो, पहिल्या पानावर आणतो, इतके पैसे भरा, ओटीपी सांगा, असा त्यांचा सूर असतो. जीएसटी नोंदणीला आणि लघुउद्योगांसाठीच्या उद्यम नोंदणीला सरकारी शुल्क नाही, एवढे लक्षात ठेवून फोन ठेवून द्यावा.

नावाबाबत एक गोष्ट सांभाळा. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशात बनलेल्या मालापुरते ते नाव राखून ठेवणारी नोंदणी) आहे आणि ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते आहे. रेक्झिनचा, कारखान्यात ठोकलेला माल ‘कोल्हापुरी’ म्हणून २९९ रुपयांना विकला जातो हे खरे, पण आपण त्या वाटेला जाऊ नये. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय त्या किमतीशी स्पर्धा करून कारागिराला पैसे देता येत नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये दाखवलेल्या कोल्हापुरीसारख्या सँडलवरून गदारोळ झाला, तेव्हापासून खरा माल कसा ओळखायचा हे ग्राहक मला अधिक विचारू लागले आहेत. आपण ज्याच्याकडून घेता त्याचे गाव, कातडे कोणते आणि शिलाई कशाची, हे पानावर स्पष्ट लिहिलेत तर ८९९ रुपये मागण्याला आधार मिळतो. खोक्यावर किंवा लेबलवर एमआरपी, बनवणाऱ्याचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, माप आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा.

माल किती घ्यावा? येथे मापांमुळे भांडवल फार पटकन अडकते. तीन नमुने, प्रत्येकाची पाच मापे आणि प्रत्येक मापाचे चार जोड म्हटले की साठ जोड झाले, ४८० रुपयांप्रमाणे २८,८०० रुपये. यापुढे सुरुवातीला जाऊ नका. उरलेले पैसे मोकळे दिसतात, पण विकलेल्या मालाचे पैसे पोचवल्यानंतर काही दिवसांनी हाती येतात आणि परत येणारा जोड वाटेत आठवडाभर फिरत असतो. तेवढ्या काळात नवा माल घ्यायला तीच रक्कम लागते. तिन्ही मार्केटप्लेसवर एकदम जाण्याचाही मोह आवरावा. आठ नंबरचा शेवटचा जोड एकीकडे विकला गेला आणि त्याच तासात दुसरीकडून ऑर्डर आली, तर ती रद्द करावी लागते, आणि नव्या खात्यावर रद्द ऑर्डरींचा डाग लवकर बसतो. एका ठिकाणी तीन-चार महिने काढावेत, मग दुसरीकडे जावे. जाहिरातही पहिले काही खरे अभिप्राय येईपर्यंत बंद ठेवावी. नातेवाइकांकडून अभिप्राय लिहवून घेऊ नयेत. पकडले गेल्यास खातेच जाते.

परत आलेले प्रत्येक पार्सल, कितीही घाई असली तरी, लेबल दिसेल असे धरून व्हिडिओ चालू ठेवूनच उघडावे. माझ्याकडे नव्या कापशीच्या (हा कोल्हापुरीचाच एक नमुना) जागी झिजलेली प्लास्टिकची चप्पल आलेली आहे आणि एकदा दोन्ही डाव्या पायाच्याही आल्या आहेत. व्हिडिओ होता म्हणून एका मार्केटप्लेसने भरपाई दिली. दावा करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, त्यामुळे पार्सले साठवून रविवारी उघडण्याची सवय नोकरी करणाऱ्याला विशेष नडते.

पावसाळा हा या मालाचा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर कातड्यावर बुरशी चढते, पार्सल भिजते, मागणी घटते आणि परतावा वाढतो. त्या महिन्यांत साठा निम्म्यावर आणा, जोड वर्तमानपत्रात नव्हे तर कोऱ्या कागदात गुंडाळा (शाई कातड्यावर उतरते) आणि ओलावा शोषणारी पुडी प्रत्येक खोक्यात टाका.

नोकरीबद्दल विचारलेत म्हणून सांगतो : एक पूर्ण पावसाळा आणि एक दिवाळी यांचा हिशोब हाती येईपर्यंत सोडू नका. दिवाळीचा हिशोबही भाऊबीजेला करू नये, कारण सणात विकलेल्या चपला पुढचे तीन-चार आठवडे परत येत राहतात. ते सगळे परतावे, जाहिरात आणि आपल्या वेळेची मजुरी वजा करून वर्षाचा आकडा आपल्या सहा महिन्यांच्या पगाराएवढा तरी दिसला, तर घरच्यांशी बोलायला बसा.