ब्रेक पॅड घरी बदलताना कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट किती आवळायचे? टॉर्क रेंच (लावलेल्या मापाइतकं आवळलं की टक वाजणारा पाना) हवाच का, की हाताच्या अंदाजाने चालतं?

नाही चालत. निदान गाइड पिनच्या, म्हणजे कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांच्या, बोल्टला तरी नाहीच. या एका गोष्टीवरून थोरल्या भावाशी माझा सहा वर्षं वाद चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दादा पहिल्यापासून गाडीची चाकं स्वतःच काढतो-बसवतो. त्याचा हात तयार आहे, हे मलाही मान्य आहे. पण तो तयार झालाय चाकाच्या नटांवर, आणि त्यांना १००-१२० न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) लागतात. आमच्या गाडीच्या गाइड पिनच्या बोल्टला माप आहे ३०. दादाने पुढचे पॅड बदलले आणि चाकाचाच अर्धा मीटर लांब दांडा लावून तो बोल्ट आवळला. "आता हलायचा नाही," म्हणाला. अहो, एवढ्या लांब दांड्याच्या टोकाला ६ किलोचा भार दिला की ३० न्यूटन मीटर होतात. ६ किलो म्हणजे हात नुसता टेकवणं. त्यात त्याने आट्यांना ग्रीस फासलेलं. ग्रीसमुळे घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोराला बोल्ट जास्त ताणला जातो.

पुढच्या खेपेला पॅड मी बदलले. टॉर्क रेंच ३० वर लावला, सावकाश ओढत गेलो. टक आवाज येईना. बोल्ट फिरत होता, पण हाताला घट्ट लागण्याऐवजी मऊ लागायला लागला. तिथेच थांबलो. नवा बोल्ट आणला, जुन्याच्या आट्यांत त्याचे आटे बसवले आणि दोन्ही उजेडासमोर धरले. टोकाकडचे चार-पाच आटे चपखल बसले, पुढे डोक्याकडे फट दिसायला लागली. जुना बोल्ट लांबला होता, मानेशी बारीकही झाला होता.

दादाचं म्हणणं, तुझ्या हातात गेला म्हणजे तुझ्या पान्याने गेला. चार पाहुणे जमले की अजूनही हेच सांगतो. पण ३० ला टक करणारा पाना टक करत नाही, याचा अर्थ बोल्ट ३० चा भार पेलतच नाही. म्हणजे तो आधीच कामातून गेलेला होता. दोन्ही बोल्ट मी जपून ठेवलेत.

तेव्हा रेंच घ्याच, आणि लहान मापाचा घ्या. चाकाच्या नटांचा मोठा रेंच खालच्या आकड्यांना भरवशाचा नसतो. टक झालं की थांबा, "अजून थोडं" नको. ब्रॅकेटचे (कॅलिपर ज्या चौकटीवर बसतो तिचे) बोल्ट जाड असतात, त्यांना बरंच जास्त लागतं. ब्लीडरला (ब्रेकमधली हवा काढायच्या स्क्रूला) १० च्या आसपास पुरे, तो मोडला तर निस्तरणं फार अवघड जातं. होज (ब्रेक ऑइलची नळी) सोडलाच तर तांब्याचे वॉशर नवे घाला.

हो, आणि माझे आकडे डोळे झाकून घेऊ नका. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलंच माप घ्या. आकडा न्यूटन मीटरचा आहे की किलोग्रॅम मीटरचा तेही बघा, दोन्हींत जवळजवळ दहापटीचा फरक आहे. ब्रेकचं ग्रीस पिनच्या गुळगुळीत भागाला लावा, आट्यांना नाही. मॅन्युअलने बोल्ट नवा घालायला सांगितला असेल तर नवाच घाला. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा.