मराठीचं प्रेम कोणाला जास्त, बायकांना की पुरुषांना?

तुम्ही विचारलंय की, जिथे तीन-चार भाषा एकत्र नांदतात तिथे बायका आणि पुरुष त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने बघतात का, आणि घरची भाषा आधी कोण सोडतं. मी बडोद्यातच जन्मले, वाढले आणि नोकरीची सगळी वर्षं इथल्या एका बँकेच्या काउंटरवर काढली. फरक आहे. पण तो आवडीनिवडीचा कमी आणि वाट्याला आलेल्या कामाचा जास्त, असं माझं मत.

दांडिया बाजार या इथल्या जुन्या मराठी वस्तीतलं एक जोडपं आठवतं, मुदत ठेव मोडायला आलेलं. गृहस्थांनी माझी पाटी वाचली, आडनाव बघून "अरे वा, तुम्ही तर आपल्याच की!" म्हणाले. मग मंडळाचा गणपती, वर्गणी, नाटकांचे जुने दिवस, सगळं अस्सल मराठीत. तेवढ्यात मुलाचा फोन आला, तर ते अख्खं बोलणं गुजरातीत. बाई माझ्याशी पहिल्यापासून गुजरातीत, "बेन, सही क्यां करवानी?" कारण मी बँकेतली साहेब. आणि सोबतच्या नातीला दर दोन मिनिटांनी मराठीत, "नीट उभी राहा, पेनाला हात लावू नकोस." मराठीचा अभिमान कोणाला, असं विचारलं असतं तर हात नवऱ्याने वर केला असता. नातीच्या कानावर मराठी पडत होती ती आजीची.

बोलणं आणि सांगणं यांतलं हे अंतर फक्त आपल्याकडचं नाही. पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात लोकांचे उच्चार तपासले, आणि तुम्ही कसं बोलता असं त्यांनाच विचारलंही. १९७२ च्या त्यांच्या लेखात निघालं ते असं: बऱ्याच बायका बोलत होत्या त्यापेक्षा आपण जास्त प्रमाण बोलतो असं सांगत, आणि बरेच पुरुष उलट, होते त्यापेक्षा स्वतःला रांगडे ठरवत. रांगड्या बोलीला पुरुषांत एक छुपी प्रतिष्ठा असते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

शुद्ध बोलण्याचा हा जाच मुलींच्याच वाट्याला का येतो, ते मी घरात पाहिलंय. भाऊ "चाल ने, मोडुं थाय छे" (चल ना, उशीर होतोय) म्हणत बाहेर पडला तर कोणी मान वर करून बघायचं नाही. मी मराठी वाक्याला नुसता एक "ने" जोडला की आत्या लगेच, "पुण्याला दिली तर सासरचे हसतील हो!" (दिली शेवटी बडोद्यातच, चार गल्ल्या पलीकडे.) मुलीची भाषा सांभाळली जायची ती तिच्या होणाऱ्या सासरसाठी. मुलाला कुठे जायचंच नव्हतं, मग त्याने काहीही बोलावं.

लग्नाचा आणि भाषेचा हा संबंध सुझन गॅल या भाषा-अभ्यासक बाईंनी ऑस्ट्रियातल्या ओबरवार्ट गावात फार नेमका टिपलाय. तिथे शेतकरी घरांची भाषा हंगेरियन, कारखान्याची आणि शहराची जर्मन. तरुण मुली मुलांपेक्षा जास्त जर्मनकडे वळल्या, कारण त्यांना शेतकऱ्याची बायको होऊन गोठ्यात राबायचं नव्हतं. मग शेतकरी मुलांना आसपासच्या जर्मन बोलणाऱ्या गावांतून बायका कराव्या लागल्या, आणि त्यांची मुलं जर्मनच बोलू लागली. मुलींना हंगेरियन आवडत नव्हती असं नाही, त्या भाषेसोबत येणारं आयुष्य नको होतं.

आपल्याकडे हेच इंग्रजी शाळेच्या बाबतीत होतं. "पोरांना मराठी शाळेत घालायला हवं होतं" असं बैठकीत बसून म्हणणारे काका बरेच. गृहपाठ घेणारी, शिक्षकांना भेटणारी, मुलीला नोकरी मिळेल का याची धास्ती घेणारी काकू. इंग्रजी माध्यमाचा आग्रह तिचा, म्हणून मराठी बुडवल्याचा ठपकाही तिच्यावर. बाप मात्र कोयलीच्या रिफायनरीत आठ तास हिंदी बोलून घरी येऊन गुजराती बातम्या लावतो, त्याला कोणी विचारत नाही.

आणि बडोद्यातली मराठी म्हणजे फक्त दांडिया बाजार आणि रावपुरा नव्हे. खानदेशातून आलेली कुटुंबं बघा. नवरा बांधकामावर, मुकादम आणि बाकीचे मजूर यांच्यात हिंदी चालते. बायको गुजराती घरांत धुणीभांडी करते, वर्षभरात तिला झक्कास गुजराती येते, अगदी भाव करण्यापासून भांडण्यापर्यंत. घरी दोघं अहिराणी बोलतात. इथे गुजराती आधी बाईला येते. दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत गुजराती आधी पुरुषांना आली, कारण कचेरीत आणि पेढीवर तेच जात होते. बाई-पुरुष अदलाबदल झाले, नियम तोच राहिला.

जाता जाता, व्यासपीठाचा मुद्दा. साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असं चार वेळा भरलं, चारही अध्यक्ष पुरुष. पहिली स्त्री अध्यक्ष, कुसुमावती देशपांडे, १९६१ मध्ये झाल्या त्या ग्वाल्हेरच्या संमेलनात. २००१ ला इंदूरला विजया राजाध्यक्ष. आपल्यासारख्याच जुन्या मराठी संस्थानांच्या या शहरांनी या बाबतीत आपल्याला मागे टाकलं, हे मला जरा लागतं. पण मंडळवाल्या पुरुषांनी ग्रंथालयं आणि नाटकं जिवंत ठेवली हेही तितकंच खरं, त्यांच्यावर नुसती राळ उडवण्यात अर्थ नाही.

तुम्ही प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर "तुम्हाला कोणती भाषा आवडते?" हा प्रश्न कटाप करा, सगळे मराठीच म्हणतील. मुलावर ओरडता कोणत्या भाषेत, पैसे कोणत्या भाषेत मोजता, डॉक्टरला दुखणं कोणत्या भाषेत सांगता, शेवटचा मेसेज कोणत्या भाषेत टाइप केलात, असं विचारा. आणि सुनेला एकटीला गाठा. सासू समोर असेल तर उत्तर सासूचं मिळेल, नवरा समोर असेल तर ती चहा टाकायला आत जाईल आणि फॉर्म तोच भरून देईल.