लग्नाशिवाय पार्टनर व्हिसा?

प्रश्न : मेलबर्नमध्ये आम्ही ९ महिने एकत्र राहतोय, लग्न केलेलं नाही. तो ऑस्ट्रेलियन नागरिक आहे. मला पार्टनर व्हिसा मिळेल? – एक वाचक, मूळ नाशिक

उत्तर : मिळू शकतो. एरवी अर्जाआधी किमान १२ महिन्यांचं नवरा-बायकोसारखं नातं लागतं. पण व्हिक्टोरिया राज्यात नातं रीतसर नोंदवलंत, तर ही अट सुटते. पुरावे मात्र लागतातच : संयुक्त बँक खातं, दोघांच्या नावाचा भाडेकरार. माझ्या अर्जाच्या वेळी करारावर फक्त माझ्या जोडीदाराचं नाव होतं; मी वाणसामानाच्या पावत्या जोडत बसले. नात्याची सामाजिक बाजूही तपासतात. आईपासून लपवल्यामुळे माझ्याकडे घरच्यांसोबतचा एकही फोटो नव्हता. तुम्ही घरी सांगा गं, लवकर सांगा.